दुरुस्ती झाली, तरी गाडीचा एसी कमीच पडतोय? गॅस मारायच्या आधी हे तपासा

कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) बदलून गाडी ताब्यात घेतली त्या संध्याकाळी एसी झकास चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्नलला उभा राहिलो आणि व्हेंटमधली हवा हळूहळू कोमट होत गेली. सिग्नल सुटून गाडीने वेग घेतला की पुन्हा गार. गॅरेजमध्ये परत गेलो, तर बॉनेट न उघडताच उत्तर मिळालं, "गॅस थोडा कमी पडला असेल, मारून देतो." मारला. चार दिवस बरं वाटलं. खरं तर ते चार दिवस ढगाळ होते, हे नंतर लक्षात आलं. मग परत तेच आणि परत गॅस. तिसऱ्या खेपेला मी दुसरीकडे गेलो. तिथे मशीनने सगळा गॅस काढून वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलेलं होतं, निघाला ६३० ग्रॅम. मूळ दोष मात्र गॅसचा नव्हताच. तो काय होता ते पाचव्या पायरीत सांगतो.

तेव्हापासून एक नियम पाळतो. एसी जुना होऊन आपोआप मंद झाला असेल तर संशय कशावरही घ्यावा. पण दुरुस्तीनंतर मंद झाला असेल, तर जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं. पाना कुठे फिरला, कोणतं कनेक्टर सुटलं, कोणता फोम काढून बाजूला ठेवला, हे शोधायचं. "गॅस कमी असेल" हा निष्कर्ष मोजमाप करून शेवटी यायला हवा.

हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडलेल्यांसाठी आहे. यातल्या पहिल्या आठ पायऱ्या बहुतेक घरी होतात. पुढच्या गॅरेजमध्ये होतील, पण तिथे काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

काय काय जवळ हवं

कागद: दुरुस्तीचं बिल (बदललेल्या भागांच्या नावांसकट), बॉनेटखालच्या एसी स्टिकरचा फोटो (गॅसचा प्रकार, ग्रॅम आणि बहुधा ऑइलचा प्रकार त्यावर असतो), गाडीचं मॅन्युअल, आणि एक साधी वही.

वस्तू: काडीसारखा डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, वर्तमानपत्राचं एक पान, हातमोजे, डोळ्यांना गॉगल. गेज सेट (गॅसचा दाब मोजायचे काटे) असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी विकत घेऊ नका.

दोन ताकिदी आधीच. द्रवरूप गॅस कातडीवर किंवा डोळ्यात उडाला तर हिमदंश होतो, म्हणून पोर्ट आणि जोड स्वतः सैल करायचे नाहीत. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, तर नारिंगी केबल असलेल्या कंप्रेसरच्या आसपास हातच घालायचा नाही. तिथे जीव जाईल इतका व्होल्टेज असतो.

१. नेमकं काय उघडलं होतं, ते लिहून काढा

बिलावर "एसी काम" एवढंच लिहिलं असेल तर फोन करून विचारा. प्रश्न हे: कोणता भाग बदलला? रिसीव्हर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बदलला का? व्हॅक्यूम किती वेळ लावला? गॅस किती ग्रॅम भरला, आणि तो वजन करून भरला की काटा बघून? ऑइल कोणतं, किती घातलं? डॅशबोर्ड खोलला होता का? बंपर काढला होता का?

शेवटच्या दोन प्रश्नांना लोक कमी लेखतात. कूलिंग कॉइल बदलायला डॅशबोर्ड खोलावा लागला असेल, तर हीटरचा फ्लॅप, त्याची केबल किंवा मोटर, कॉइलवरचा तापमान सेन्सर आणि पाणी बाहेर जायची नळी, सगळ्यांना हात लागलेला असतो. कंडेन्सरसाठी बंपर काढला असेल तर फॅन, त्याच्या वायरी आणि रेडिएटरभोवतीचे फोम हलवलेले असतात. कंप्रेसर बदलला असेल तर बेल्ट, कंप्रेसरचा क्लच (त्याला पुलीशी जोडणारी-सोडणारी चकती) आणि ऑइल. तुमच्या गाडीचा दोष यातल्याच एका यादीत असण्याची शक्यता मोठी आहे. त्या यादीवर खूण करा आणि पुढच्या पायऱ्यांत त्या जागी जास्त वेळ द्या.

२. "गार होत नाही" एवढ्यावर थांबू नका

केव्हा गार होत नाही, यात अर्धं निदान असतं. दोन दिवस गाडी चालवा आणि वहीत लिहा.

उभ्या गाडीत कोमट आणि पळत्या गाडीत गार: कंडेन्सरवर हवा पुरत नाही. फॅन, फोम किंवा मळ. जास्त भरलेला गॅसही असंच दाखवतो, म्हणून हे लक्षण फसवं आहे.

सुरुवातीला मस्त, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा झोतच कमी, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा ठीक: कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. डॅशबोर्ड खोलला होता का? मग कॉइलवरचा सेन्सर चुकीच्या जागी खोचला असण्याची दाट शक्यता. कॉइल शून्याजवळ आली की कंप्रेसर थांबवायचं किंवा आवरायचं काम तो सेन्सर करतो. तो जागेवर नसला की कॉइल गोठून जाते आणि हवेला वाट राहत नाही.

झोत तसाच, पण गारवा मध्येच जातो आणि थोड्या वेळाने आपोआप येतो: दोन शक्यता. एक, सिस्टीममध्ये ओल राहिली आहे. ते पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतं आणि वाट अडवतं. बर्फ वितळला की वाट मोकळी. दुसरी, तापल्यावर क्लच सुटतो. ते सहाव्या पायरीत.

ड्रायव्हरकडे गार, शेजारी कोमट किंवा उलट: एकतर गॅस कमी, नाहीतर दोन झोनच्या गाडीत एका बाजूचा फ्लॅप अडकलाय. गॅस कमी असला की कॉइलचा एक भागच गार होतो, आणि त्या भागासमोरच्या व्हेंटला तेवढी चैन.

पहिल्या दिवशी गार, मग दिवसागणिक कमी कमी: लीक. इथे मात्र "गॅस कमी" हे खरं, पण तो गेला कुठे हा प्रश्न उरतोच. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद वर्तुळात फिरतो. कंप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये उष्णता देऊन तो द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कमी दाबात सुटतो आणि कूलिंग कॉइलमध्ये उकळताना केबिनची उष्णता घेतो. मोकळ्या हवेच्या दाबाला आर-१३४ए (गाड्यांच्या एसीतला नेहमीचा गॅस) उणे २६ अंशांनाच उकळतो, सगळी करामत त्यातच आहे.

३. आकडा घ्या

"आधी जास्त गार होता" हे गॅरेजमध्ये कोणी ऐकून घेत नाही. "बाहेर ३३, मधल्या व्हेंटला १८" हे ऐकतात.

गाडी सावलीत उभी करा, पुढच्या काचा खाली. एसी पूर्ण गार, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर वरून दुसऱ्या नंबरवर. थर्मामीटरची काडी मधल्या व्हेंटमध्ये दोन-तीन इंच आत. पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी आकडा लिहा. मग इंजिन १५०० आरपीएमवर धरून तीन मिनिटांनी पुन्हा. बाहेरचं तापमानही लिहा.

बाहेर ३० ते ३५ अंश आणि हवा फार दमट नसेल तर १५०० आरपीएमला मधल्या व्हेंटला साधारण ६ ते १२ अंश मिळायला हवेत. दमट हवेत आकडा दोन-चार अंशांनी वर राहतो. कॉइलची बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते, तो दोष नाही. पण कोरड्या हवेतही पंधराच्या वर अडकला असेल तर तक्रार खरी आहे. आरपीएम वाढवल्यावर चार-पाच अंशांची मोठी उडी खाली आली, तर कंप्रेसर किंवा कंडेन्सरकडे बोट जातं. काहीच फरक पडला नाही, तर सातवी पायरी नीट वाचा.

एक गंमत. रिसर्क्युलेशनचं बटण चालू बंद करून दोन्ही आकडे घ्या. उन्हाळ्यात दोन्ही सारखेच आले तर रिसर्क्युलेशनचा फ्लॅप हलतच नाही आणि एसी कायम बाहेरची तापलेली हवा गार करत बसलाय. डॅशबोर्ड खोलल्यावर ती कळ बसवायची राहून जाते.

४. आधी फुकटात होणारं

केबिन फिल्टर काढून बघा. नवीन फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीसकट बसवलेला मी स्वतः पाहिलाय, त्यामुळे हसू नका. फिल्टर काढून ब्लोअर लावला आणि झोत दुप्पट झाला, तर शोध इथेच संपला.

गाडीखाली पाणी ठिबकतंय का? दमट दिवशी दहा मिनिटांत ठिबकायला हवं. पाणी पायाशी कार्पेटवर येत असेल तर ड्रेनची नळी नीट बसलेली नाही.

फ्यूज आणि रिले दुरुस्तीत इकडचे तिकडे झालेत का, हे झाकणावरच्या नकाशाशी ताडून बघा.

५. कंडेन्सरवर हवा येते का

माझा दोष इथे होता.

कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे उभी असलेली जाळी. केबिनमधून घेतलेली सगळी उष्णता ती इथे बाहेर टाकते. तिच्यावरून हवा गेली नाही तर दाब चढतो, गॅस पुरता द्रव होत नाही, आणि गॅस कितीही भरला तरी गारवा येत नाही. उलट जास्त गॅसने दाब आणखी चढतो.

एसी लावल्यावर रेडिएटरमागचा फॅन काही क्षणांत फिरायला लागला पाहिजे. निदान दाब चढल्यावर तरी. दोन फॅन असतील तर दोन्ही. पण फॅन फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका, तो हवा कुठल्या बाजूला ढकलतोय ते बघा. वर्तमानपत्राचं पान घ्या आणि गाडीच्या समोरून जाळीजवळ धरा. फॅन हवा आत ओढत असेल तर पान जाळीला चिकटून बसतं, हात सोडला तरी पडत नाही.

माझं पान चिकटलं नाही. ते उलट माझ्याकडे फडफडलं, आणि त्यामागून इंजिनची गरम वाफाळलेली हवा तोंडावर आली. कंडेन्सर बदलताना फॅनचं जळकं कनेक्टर कापून वायरी थेट जोडल्या होत्या, त्यात दोन वायरींची अदलाबदल झाली होती. अशा साध्या दोन वायरींच्या डीसी मोटरला उलट वायर दिली की ती निमूटपणे उलट फिरते. आवाज तोच, वाराही येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पळत्या गाडीत समोरचा वारा जिंकायचा, म्हणून गार. सिग्नलला फॅन इंजिनची उष्णता रेडिएटरमधून कंडेन्सरवर ओतायचा. दोन वायरींचा जोड बदलायला दहा मिनिटं लागली. त्याआधी दोनदा गॅस मारून झाला होता.

फॅन बरोबर असेल तर फोम बघा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडांना, वर आणि बाजूंना, फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. त्या "कचरा" समजून फेकल्या जातात. त्या नसल्या की उभ्या गाडीत रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फटीतून फिरून परत कंडेन्सरपुढे येते. तोच तो गरम वारा गोल गोल.

शेवटी मळ. दोन जाळ्यांच्या मधली फट टॉर्चने बघा, पानं आणि कापूस तिथे दडतो. धुवायचं असेल तर साध्या नळाच्या पाण्याने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या पात्या आडव्या होतात.

६. कंप्रेसर खरंच काम करतो का

पट्ट्यावर फिरणाऱ्या, क्लच असलेल्या कंप्रेसरमध्ये पुली सतत फिरते, पण तिच्या पुढची चकती एसी चालू असतानाच फिरते. इंजिन चालू ठेवून, सैल कपडे आणि हात लांब ठेवून, टॉर्चने बघा. एसी लावताच टक आवाज आणि चकती फिरायला हवी.

दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो, लागतो-सुटतो: बऱ्याचदा गॅस कमी असल्याने प्रेशर स्विच त्याला बंद करतो. दाब फार चढल्यानेही तसं होतं.

थंड गाडीत ठीक, तापल्यावर चकती थांबते पण एसीचा दिवा चालूच: क्लचची फट जास्त. चकती आणि पुलीमधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. ती वाढली की क्लचच्या तापलेल्या कॉइलचं चुंबक चकती ओढू शकत नाही. नवीन कंप्रेसर बसवताना शिम (फट ठरवणारी पातळ चकती) चुकला की असं होतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कंप्रेसर सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याची पिळण्याची ताकद कमी-जास्त करतो. तिथे डोळ्याने काही कळत नाही, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावूनच बघावं लागतं. त्या व्हॉल्व्हचं कनेक्टर जोडायचं राहिलं तर कंप्रेसर किमान ताकदीवर रेंगाळतो आणि सगळं "ठीक" दिसतं. तेवढं कनेक्टर मात्र डोळ्याने बघता येतं.

७. गार हवेत गरम हवा मिसळतेय का

डॅशबोर्ड उघडला असेल तर ही पायरी सोडू नका. बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइलच्या मागे हीटरची छोटी जाळी असते आणि तिच्यातून इंजिनचं गरम पाणी बारा महिने वाहतं. मधला फ्लॅप ती झाकून ठेवतो. फ्लॅपची केबल एक खाच चुकली की एसी उत्तम चालतो आणि त्याच हवेत हीटर गुपचूप मिसळतो.

ओळखायचं असं. गाडी थंड असताना, सकाळी सुरू केल्याबरोबर, एसी छान गार लागतो. इंजिन तापलं की गारवा उतरतो. खात्रीसाठी बॉनेटखाली, डॅशच्या भिंतीत शिरणाऱ्या हीटरच्या दोन रबरी नळ्या शोधा. इंजिन थंड असताना गॅरेजवाल्याकडून त्यातली आत जाणारी नळी गुळगुळीत क्लॅम्पने दाबून बंद करून घ्या. जुनी, कडक झालेली नळी दाबू नका, तडकेल. मग इंजिन तापू द्या आणि आकडा घ्या. आधी १७ येणारी हवा आता ९ वर आली, तर गॅस, कंप्रेसर, व्हॉल्व्ह सगळे निर्दोष. फ्लॅप दुरुस्त करा. मोटरवर चालणारा फ्लॅप असेल तर बॅटरी काढल्यावर किंवा मोटर बदलल्यावर काही गाड्यांत त्याला नव्याने शिकवावं लागतं, ते स्कॅनरवर होतं.

८. पाईप हाताने वाचा

दहा मिनिटं एसी चालल्यावर, फॅन आणि बेल्टपासून हात जपून. जाड पाईप, म्हणजे कॉइलकडून कंप्रेसरकडे परत येणारा, गार आणि घामेजलेला हवा. बारीक पाईप, कंडेन्सरकडून कॉइलकडे जाणारा, कोमट. कंप्रेसरमधून निघणारा पाईप चटका देईल, त्याला हात लावू नका.

कोमट असायला हवा तो बारीक पाईप मध्येच कुठेतरी एकदम गार झाला, किंवा रिसीव्हर ड्रायरच्या आधी कोमट आणि नंतर गार लागला, तर तिथे अडथळा आहे. तिथेच गॅसचा दाब पडतोय. जुना कंप्रेसर आतून झिजून मेला असेल आणि सिस्टीम न धुता नवीन बसवला असेल, तर त्याचा ॲल्युमिनियमचा चुरा अशा जागी जमतो. नव्या पद्धतीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्यातला चुरा धुऊन निघत नाही, कंडेन्सर बदलावाच लागतो.

९. गेज लावले, आता काटे कसे वाचायचे

पहिलं वाचन बंद गाडीत घ्यायला सांगा. सहसा कोणी घेत नाही आणि त्यातच सगळ्यात स्वस्त माहिती असते. गाडी रात्रभर सावलीत उभी, इंजिन पूर्ण थंड. दोन्ही काटे सारखे दाखवतील. आर-१३४एचा दाब तेव्हा फक्त तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ६८ पीएसआय, २५ ला ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३.

काटा याहून बराच खाली असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, सिस्टीम जवळपास रिकामी. दहा-पंधरा पीएसआयने वर असेल तर आत हवा शिरली आहे किंवा गॅस भेसळीचा आहे. दोन्हीत उपाय एकच, सगळं काढून नव्याने. आणि काटा बरोबर असेल तर? तर फक्त एवढंच कळतं की आत थोडा तरी द्रव आहे. १५० ग्रॅम असो की ६०० ग्रॅम, काटा तोच. म्हणून "बंद गाडीत प्रेशर बरोबर आहे, गॅस फुल आहे" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

आता इंजिन १५०० आरपीएमवर. बाहेर ३० ते ३५ अंश असताना लो साइडला (कंप्रेसरकडे परत येणाऱ्या बाजूला) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइडला (कंप्रेसरमधून निघणाऱ्या बाजूला) १८० ते २५० पीएसआय ही ढोबळ पट्टी. अचूक आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये.

दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त, हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरवर वारा नाही. कंडेन्सरवर पाणी मारा. हाय साइड धाडकन खाली आली आणि व्हेंट गार झालं तर पाचव्या पायरीवर परत जा. लो जास्त आणि हाय कमी: कंप्रेसर दाबतच नाही. लो अगदी तळाला, शून्याकडे: वाटेत अडथळा, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर. लो साइड जास्त आणि परतीचा पाईप बर्फासारखा: व्हॉल्व्ह उघडाच राहतो. त्याला तापमान ओळखणारा फुगा असेल, तर तो पाईपला घट्ट बांधलेला आणि वरून गुंडाळलेला आहे का बघा, ते गुंडाळणं दुरुस्तीत विसरलं जातं.

१०. गॅस, ऑइल, व्हॅक्यूम

इथवर सगळं नीट निघालं असेल, किंवा गेजने गॅसकडे बोट दाखवलं असेल, तर "थोडा टाकून बघू" नको. सगळा काढा, वजन करा, व्हॅक्यूम करा, स्टिकरवरच्या वजनाने भरा. काढलेल्या गॅसचं वजन हाच तुमचा खरा अहवाल. स्टिकरच्या बराच खाली निघाला तर लीक किंवा कमी भरलेला. वर निघाला तर कोणाचा तरी हात सैल सुटलेला. आजच्या छोट्या कंडेन्सरांत ५० ग्रॅमचा फरकही जाणवतो. पाईपवरच्या छोट्या काचेत बुडबुडे बघून भरायची रीत आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यातली आहे, आर-१३४एला ती लावली की हमखास जास्त भरला जातो.

व्हॅक्यूम निदान अर्धा तास, सिस्टीम बराच काळ उघडी असेल तर जास्त. तो आतली हवा काढतोच, शिवाय ओलही. हवेचा नेहमीचा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर. तो सुमारे २४ वर आणला की २५ अंशांनाच पाणी उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पाच मिनिटांच्या व्हॅक्यूमने हे होत नाही. पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा बघायचा. वर चढला तर कुठेतरी गळती आहे किंवा आत ओल उरली आहे.

सिस्टीम उघडली की ड्रायर नवा घालावा. त्यातले दाणे हवेतली ओल भराभर पितात आणि एकदा तृप्त झाले की उपयोगाचे राहत नाहीत.

ऑइल हा दुर्लक्षित विषय. ते गॅसबरोबर फिरतं. कमी पडलं तर कंप्रेसर मरतो, जास्त झालं तर कॉइलच्या नळ्यांना आतून थर बसतो आणि गारवा कमी होतो. नवीन कंप्रेसर कारखान्यातूनच ऑइल भरून येतो. त्यात आणखी घातलं आणि जुन्या सिस्टीममधलं तसंच ठेवलं, तर दुप्पट. पीएजी ४६ आणि पीएजी १०० या एसीच्या ऑइलांचा दाटपणा वेगळा, जे लिहिलंय तेच घालायचं. हाय व्होल्टेजच्या कंप्रेसरमध्ये तर नेहमीचं पीएजी चालतच नाही. तिथे वीज न वाहू देणारं वेगळं ऑइल लागतं.

आर-१२३४वायएफ या नव्या गॅसची गाडी असेल तर त्यात आर-१३४ए भरू देऊ नका. पोर्ट मुद्दाम वेगळे केलेले असतात. ॲडॅप्टर लावून "चालतं" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊन निघा. लीक बंद करणारं सीलंट सांगेल त्याच्याकडूनही. ते लीकबरोबर व्हॉल्व्ह आणि पुढच्या गॅरेजचं मशीनही बंद करू शकतं.

११. लीक असेल तर तो दाखवायला लावा

दुरुस्तीनंतरचा लीक बहुधा ताज्या जोडावर असतो. जुनी ओ-रिंग परत वापरलेली, कोरडी बसवल्याने चिरलेली, किंवा जोड तिरका आवळलेला. जोडाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. भरायच्या पोर्टमधली छोटी पिनही गळते. टोपी काढून साबणाचा फेस लावा, बुडबुडा येतो का बघा. टोपी हरवली असेल तर नवी बसवा, ती नुसती शोभेची नसते.

बारीक लीकला यूव्ही रंग घालून आठवड्याने दिव्याखाली बघतात, किंवा नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते. नायट्रोजनऐवजी टायरमध्ये भरायच्या हवेचा दाब देणारे भेटतात. त्यांना थांबवा. आत ओल जाते, आणि दाबाखालच्या हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटू शकतो.

१२. परत जाताना वही घेऊन जा

गॅरेजमध्ये भांडायला जाऊ नका, आकडे घेऊन जा. बाहेर किती, व्हेंटला किती, उभ्या गाडीत काय, पळत्या गाडीत काय, पान चिकटलं का, नळी दाबल्यावर काय झालं. मी तिसऱ्या खेपेला असं पान दिलं, तेव्हा समोरच्याने ते वाचून पहिलं काम केलं ते फॅनकडे बघण्याचं. गेज नंतर निघाले.

काम झाल्यावर गाडी तिथेच दहा मिनिटं उभी ठेवून त्याच पद्धतीने व्हेंटचा आकडा घ्या आणि बिलावर गॅसचे ग्रॅम लिहून घ्या. आठवड्याने, साधारण तेवढ्याच उन्हात, पुन्हा मोजा. माझा आकडा तेव्हा ८ होता, आठवड्याने ९. त्या दिवशी दमट होतं.